तांब्याचं नाक, तुमचा गुडघा

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. मी तुमच्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून, दोन्ही कानांत कापूस घालून बसलो होतो. तेव्हा मला कळलं की तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

आज बुधवार, सकाळचे सव्वासात झालेत. आई पाळणाघरात कामाला गेली. तांब्या माझ्या पायाशी पंजांवर डोकं ठेवून पडलाय. दहा वाजता मला पोलीस ठाण्यात पोहोचायचं आहे. तिथे जे सांगणार आहे ते तुमच्याबद्दल आहे, आणि तुम्ही ते आयुष्यभर कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून आधी तुम्हाला लिहितोय. परवानगी मागायची तर उशीर झाला आहे, निदान कळवतो तरी.

तुम्ही गेल्यावर पोलिसांनी माझा जबाब घेतला. त्यात दोन वाक्यं अशी आहेत. 'माझ्या वडिलांना चांगले दिसत व ऐकू येत होते. टेम्पोचालकाने हॉर्न दिला असता तर ते निश्चितच बाजूला झाले असते.' हवालदारांनी 'निश्चितच' चुकीचं लिहिलं होतं, ते मी खोडून नीट लिहायला लावलं. ते म्हणाले, "मास्तर आहात का?" मी म्हटलं, नाही, फ्लेक्सच्या दुकानात अक्षरजुळणी करतो. मग मी सगळा कागद दोनदा वाचला, एकही चूक राहिली नाही याची खात्री केली आणि सही केली.

बाबा, ती दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

सोमनाथ पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय. तो त्या टेम्पोचा चालक, पाण्याचे जार पोहोचवतो, वयाने माझ्याएवढाच. २७ सप्टेंबरला सकाळी पावणेसातला तुम्ही दूध आणायला गल्लीतून चालला होतात आणि तो मागून येत होता. त्याचं म्हणणं, हॉर्न दिला, तीनदा दिला, काका बाजूला होतील म्हणून पुढे आलो, ते वळलेच नाहीत. त्याच्यावर गुन्हा दाखल आहे. शुक्रवारी दोषारोपपत्र कोर्टात जाणार, असं तपास अधिकाऱ्यांनी मला फोन करून सांगितलं. तो खोटं बोलतोय हे ज्यावरून ठरतं, ती माझी वाक्यं त्या दोषारोपपत्राबरोबर जातील.

आता हे मला एका कुत्र्यामुळे कसं कळलं ते सांगतो. क्रमाने सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

तुम्ही गेल्यापासून तांब्या भुंकायला लागला. तसा तो कधी भुंकणारा नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. पण आता बेल वाजली की भुंके, कुकरची शिट्टी झाली की भुंके, फोन वाजला की तर वेड्यासारखा. खालच्या मजल्यावरच्यांचं बाळ दचकून उठायचं. मी ओरडायचो, आई ओरडायची, तो आणखी ओरडायचा. पहिले पंधरा दिवस लोक गप्प होते. दुःखाचं घर म्हणून त्यांनी सवलत दिली. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर लावलं: 'बी-११ मधील श्वानास घंटा, शिट्टी व फोन या तिन्हींची आवड दिसते. मालकांनी ती आवड घराबाहेर ऐकू येणार नाही अशा बेताने जोपासावी.'

तुम्ही असतात तर हसला असतात. मी तो कागद वाचून जिन्यात बसलो.

नंतर ते स्वतः आले. अहो-जाहो करूनच बोलले. म्हणाले, आपल्या वडिलांबद्दल आम्हाला आदर आहे, कुत्र्याबद्दल तेवढा नाही. येत्या रविवारपर्यंत काहीतरी करा, नाहीतर सभेत विषय घ्यावा लागेल. आईने मामाकडे वर्ध्याला पाठवून देऊ म्हटलं. मी नको म्हटलं. तुमचं म्हणून या घरात आता काय उरलंय? खुर्ची, चष्मा आणि तांब्या.

म्हणून मी देशमुख मॅडमना बोलावलं. त्या कुत्र्यांना शिकवतात, धानोरीत राहतात. मी त्यांच्यासाठी एक कागद तयार करून ठेवला होता: किती वाजता भुंकला, कशाला भुंकला, किती वेळ. अकरा दिवसांचा. त्यांनी तो बघितला, घडी घातली आणि परत दिला. "छान आहे," म्हणाल्या. "यात तुम्ही कुठे आहात?"

मला कळलं नाही.

"अहो, तो भुंकल्यावर तुम्ही काय करता, ते यात नाही. कुत्र्याला मी नंतर बघते. आधी तुम्हाला बघू दे. पैसे मी कुत्र्याचे घेते, शिकवते मालकालाच."

मग तासभर त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसत्या बसल्या आणि मला म्हणाल्या, मी नाहीच असं समजून वागा. कोणी बघत असलं की मला पाणीसुद्धा नीट पिता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी ठरवल्याप्रमाणे कुकर लावला. शिट्टी झाली. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून मला फोन केला. मग बाहेर जाऊन बेल वाजवली. तांब्या तिन्ही वेळा भुंकला, मी तिन्ही वेळा "गप, गप" करत त्याचा पट्टा ओढला.

आत येऊन त्यांनी मला माझ्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या. मी पट्टा असा आखडून धरतो की आता काहीतरी वाईट होणार, असं कुत्र्याला वाटावं. बेल वाजायच्या आधीच, जिन्यात पावलं ऐकूनच माझे खांदे वर जातात आणि तो माझ्या खांद्यांकडे बघत असतो. तो भुंकला की मी पण आवाज करतो, म्हणजे त्याला वाटतं, बरोबर चाललंय, आता दोघं मिळून करतोय. आणि मी त्याच्याशी बोलताना जमिनीकडे बघतो. "हा चेहऱ्याकडे बघायला शिकलेला कुत्रा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला चेहरा देतच नाही."

इथपर्यंत मी मान हलवत होतो. माझ्यात दोष आहेत हे ऐकायची मला सवय आहे. मनातल्या मनात मी त्याचीसुद्धा यादी करत होतो.

मग त्यांनी विचारलं, "ती खुर्ची कोणाची?"

मी म्हटलं, वडिलांची. ते गेल्यापासून त्यावर कोणी बसत नाही. आई बसू देत नाही.

"तो भुंकायच्या आधी काय करतो, ते बघितलंत का कधी?"

अकरा दिवस मी मिनिटं लिहीत होतो बाबा, आणि हे एकदाही बघितलं नव्हतं. बेल वाजली की तांब्या आधी दाराकडे जातच नाही. तो तुमच्या खुर्चीकडे धावतो. बैठकीच्या डाव्या कडेला नाक लावतो. थांबतो. परत लावतो. मग वळून दारापर्यंत जातो, परत येतो, परत नाक लावतो. आणि मग भुंकतो. मला फक्त भुंकणं ऐकू येत होतं.

मॅडमनी मला तुमच्या खुर्चीत बसवलं. दाराकडे पाठ. कापूस दिला, कानांत घट्ट कोंबायला लावला. म्हणाल्या, काही ऐकू आलं तरी हलू नका, वळू नका, त्याने काही सांगितलं तरच उठा. मी बसलो. आई घरात नव्हती म्हणून बसलो. समोर तुमचं कॅलेंडर होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त स्वतःचा श्वास.

आणि माझ्या डाव्या गुडघ्याला काहीतरी ओलं, थंड लागलं.

तांब्या समोर उभा होता. तोंड बंद. माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याने परत एकदा नाक टेकवलं, हळूच, कोणी झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. त्याबरोबर तो वळला, दाराकडे चार पावलं गेला, मी येतोय का ते मागे वळून बघितलं आणि थांबला. मी मागोमाग गेलो, दार उघडलं. बाहेर मॅडम बेलवर बोट ठेवून उभ्या होत्या. "तीन वेळा वाजवली," त्यांनी सांगितलं, कापूस काढल्यावर. "एकदाही भुंकला नाही."

मग टेबलावरचा माझा फोन वाजवला. तसंच. गुडघा, मग टेबल. शिट्टीला गुडघा, मग ओटा.

त्या बराच वेळ तांब्याचा कान खाजवत बसल्या. मग म्हणाल्या, "हा बिघडलेला कुत्रा नाही. याला कोणीतरी फार कष्टाने, रोज, कित्येक महिने शिकवलंय. नाक लावलं की बक्षीस, दारापर्यंत नेलं की बक्षीस. तो माणूस आता उठत नाही, म्हणून हा जोर लावतोय. आधी नाकाने सांगत होता, आता ओरडून सांगतोय." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "घरात ऐकू कोणाला येत नव्हतं?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही. म्हणजे, सगळ्यांना येतं."

मी हे म्हटलं आणि तुमच्या खुर्चीकडे बघितलं. त्यांनी पाणी आणून दिलं. माझ्याच घरात, माझ्याच माठातलं. मी ग्लास धरून बसलो. त्या गेल्यावरही तसाच बसलो होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वेळ सांगता येत नाही असं सहसा होत नाही.

बाबा, तुमच्या शर्टाच्या खिशात कायम फुटाणे असायचे. आई वैतागायची, मशीनमध्ये साली अडकतात म्हणून. आम्हाला वाटायचं, निवृत्तीनंतर माणसाचं तोंड चालू राहतं. ते तांब्याचे होते ना? तुमच्या प्रत्येक पॅन्टचा डावा गुडघा झिजलेला असायचा. आई म्हणायची, एका पायानेच रांगतात की काय हे! शिट्ट्या होताना तुम्ही बोटं मोजायचात आणि बरोबर तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचात. तिला कौतुक होतं त्याचं. तुम्ही शिट्ट्या मोजत नव्हतात. नाक मोजत होतात.

कसं शिकवलंत हो? आम्ही कामाला गेल्यावर? एकटा माणूस आणि एकटा कुत्रा, बेल वाजवायची कोणी? तुम्हीच बाहेर जाऊन वाजवायचात, आणि आत येऊन परत खुर्चीत बसायचात? 

तीस वर्षं पॉवर प्रेसवर. पत्रा दाबणारं ते यंत्र. मी लहान असताना एकदा तुमचा डबा द्यायला आलो होतो आणि फाटकातच कानावर हात ठेवले होते. तुम्ही हसून म्हणाला होतात, "काही नाही रे, सवय होऊन जाते." सवय नव्हती ती.

आणि मी काय समजत होतो ते आता ऐका. ऐका म्हणतोय. माझ्या हातून अजूनही हा शब्द जातो.

मी समजत होतो की तुम्ही माझ्यावर रागावलेले आहात. आईशी बोलायचात, शेजाऱ्यांशी थोडंफार, माझ्याशी नाही. आई समोर उभी राहून, हातवारे करून, ठसक्यात बोलते. मी मान खाली घालून, मोबाईलकडे बघत, तोंडातल्या तोंडात बोलतो. तुम्ही ओठ बघून समजून घेत होतात, आणि माझे ओठ तुम्हाला कधी दिसलेच नाहीत. तुम्ही म्हणायचात, जे काय आहे ते मोबाईलवर लिहून पाठव. मला वाटायचं, माझं तोंड बघायची इच्छा नाही.

बारावीचं आठवतंय? मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. फरशीकडे बघत विचारलं, "बाबा, कॉलेज सोडू का? दुकानात काम मिळतंय." तुम्ही पेपरातून डोकं वर केलंत आणि म्हणालात, "हो, हो." परत पेपर.

मी सोडलं. चार महिन्यांनी तुम्ही जेवताना मला विचारलंत, परीक्षा कधी आहे? मला वाटलं टोमणा मारताय. मी ताटावरून उठलो. पाच वर्षं मी तो टोमणा मनात धरून आहे बाबा. तुम्ही खरंच विचारत होतात. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं.

तुम्ही का नाही सांगितलंत? हा माझा तुमच्यावरचा एकच राग आहे, पण तो आहे. गोदामाच्या गेटवर तुम्ही पहारा करायचात, ती नोकरी जाईल म्हणून? मग ती दोन वर्षांपूर्वी सोडलीत तेव्हा का नाही? 'कंटाळा आला' म्हणालात. काय झालं होतं तिथे? मागे येणाऱ्या ट्रकचा आवाज आला नाही, असं काही? तुम्ही एका कुत्र्यावर एवढा विश्वास टाकलात. त्याला शिकवायला जेवढे दिवस लागले, त्यातली पाच मिनिटं मला दिली असतीत तर? मी तुमच्यासाठी कानाचं यंत्र आणलं असतं, डॉक्टर शोधले असते, मी यादी केली असती. कदाचित म्हणूनच नाही सांगितलंत. मी एवढी काळजी करतो की माझ्या काळजीचीच लोकांना भीती वाटते.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी मघापासून टाळाटाळ करतोय.

रस्त्यावर तांब्या तुमच्या पायात पायात यायचा. मागून गाडी आली की अंगाने तुम्हाला कडेला ढकलायचा. मी दोनदा पाहिलं आणि मनात म्हटलं, हा एक दिवस बाबांना पाडणार, खुब्याचं हाड मोडणार. ऑगस्टमध्ये मी ठरवलं की सकाळी तुमच्याबरोबर तांब्या जाणार नाही. त्याला मी वेगळा फिरवीन. पट्टा माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात. तुम्ही दाराशी उभे राहून म्हणालात, "राहू दे रे. त्याले सवय आहे."

मी म्हटलं, कुत्र्याला सवयी आपण लावायच्या असतात, कुत्र्याने आपल्याला नाही. हे मी मोबाईलवरच्या एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्या वेळी मी तुमच्याकडे बघून बोललो, म्हणून तुम्हाला ते समजलं. आयुष्यात मी तुमच्याशी एकदा चेहऱ्याकडे बघून बोललो, ते हे.

 त्यानंतर साधारण दीड महिना तुम्ही एकटे जात होतात. आता कळतंय, त्या दिवसांत तुम्ही भिंतीला खेटून का चालायचात, दर दहा पावलांना मागे वळून का बघायचात. मी गॅलरीतून बघायचो आणि मला वाटायचं, तुम्ही मी बघतोय का ते बघताय.

सत्तावीस तारखेला गल्लीत पाणीपुरवठ्याच्या कामाची माती पडली होती. भिंतीच्या कडेने जागा नव्हती.

सोमनाथ आपल्या घरी आला होता, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी. बरोबर त्याची आई होती. तुमच्या फोटोला हात जोडायला आलोय म्हणाले. मी त्यांना आत घेतलं नाही. जिन्यात उभं करून विचारलं, "हॉर्न दिला होतास? माझे वडील बहिरे नव्हते."

तो म्हणाला, "दादा, तीनदा दिला. ते वळलेच नाहीत."

त्याची आई पदर धरून भिंतीशी उभी होती. आतून तांब्या भुंकत होता, कारण त्यांनी बेल वाजवली होती. मी दार लावून घेतलं. आई आतून विचारत होती कोण आहे, मी म्हटलं, कोणी नाही.

त्याचा परवाना आता जमा आहे. तो दुसऱ्याच्या टेम्पोवर जार चढवतो. हे मला आपल्या दूधवाल्याने सांगितलं होतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी आई आली. मी तिला सगळं सांगितलं, क्रमाने, आणि तुमच्या खुर्चीत बसून दाखवलं. ती खुर्चीवरून उठ म्हणाली नाही. तांब्याने माझ्या गुडघ्याला नाक लावलं ते बघत तशीच उभी राहिली, पिशवी हातात घेऊन. मग खाली बसली.

"मले वाटे," ती म्हणाली, "नवऱ्याले बायकोचं ऐकू येतच नसते. सगळ्यायचंच असं असते, म्हणून मी मोठ्यानं बोलू." आणि ती हसली, आणि मग हसणं थांबलं तरी तिचे खांदे हलतच राहिले.

मी तिला विचारलं, पोलिसांना सांगू का? ती लगेच नको म्हणाली. लोक म्हणतील, बहिऱ्या माणसाला एकट्याला रस्त्यावर सोडत होते. भरपाईच्या दाव्यातले पैसे कमी होतील, वकील ओरडतील. आणि गेलेल्या माणसाची लाज कशाला चारचौघांत काढायची, त्यांनी एवढं झाकून ठेवलेलं?  तिचं सगळं मला पटत होतं. मला तर आणखी एक कारण होतं, जे मी तिला सांगितलं नव्हतं. ठाण्यातले साहेब विचारतील, कुत्रा रोज बरोबर असायचा तर त्या दिवशी का नव्हता?

तिने भाकरी केल्या. जेवण झालं. भांडी विसळताना पाठमोरीच म्हणाली, "त्या पोराची आई आली होती तवा तू मले कोणी नाही म्हटलं."

तिला माहीत होतं, बाबा.

"मी खिडकीतून पाह्यली तिले. पायात चपला दोन जातीच्या होत्या." मग नळ बंद करून ती माझ्याकडे वळली. अगदी समोर, तशी ती तुमच्यासमोर उभी राहायची. "सांगून ये. पण पट्ट्याचंही सांग. अर्धंच सांगणार असशील तर जाऊ नको."

 पट्ट्याचं मी तिला बोललो नव्हतो. किल्ली खिशात ठेवतो हे तिनेच शर्ट धुताना पाहिलं होतं. अडीच महिने तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. या घरात सगळेच झाकून ठेवतात की काय? तुम्ही कान झाकलात, मी पट्टा झाकला, तिने हे झाकलं. सरळ वागलं ते फक्त चार पायांचं. त्याला आपण बिघडलेला म्हटलं.

तर बाबा, मी आज जातोय. पुरवणी जबाब द्यायचा म्हणतात त्याला. काय सांगायचं ते मी मघाशी कागदावर लिहून बघितलं, पाच वेळा. सोमनाथने हॉर्न दिला की नाही, हे मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे दिला असं मी म्हणू शकत नाही. त्याचा वेग किती होता, तेही मला माहीत नाही. ते ठरवणारे ठरवतील. मला माहीत आहे तेवढंच सांगायचं. शेवटी एवढं उरलं:

'माझ्या वडिलांना ऐकू येत नव्हते. हे मला त्यांच्या हयातीत समजले नाही. त्यांच्या सोबत जाणारा कुत्रा त्यांना मागच्या गाडीची सूचना देत असे. तो कुत्रा मी त्यांच्या सोबत जाऊ देत नव्हतो. हॉर्न दिला असता तर ते बाजूला झाले असते, हे माझे आधीचे विधान मी मागे घेतो.'

चौथ्या वाक्यात मी आधी 'जात नव्हता' असं लिहिलं होतं. ते खोडून 'मी जाऊ देत नव्हतो' केलं.

मॅडमना सकाळी फोन केला होता. त्यांनी विचारलं, ठरलं का काही? तांब्याची ही सवय मोडायची, तर वर्ष लागेल आणि त्याचे हाल होतील. नाहीतर त्याने नाक लावलं की मी उठायचं, ऐकू आलेलं असलं तरी उठायचं, दारापर्यंत जायचं. मी म्हटलं, मी उठेन. कालपासून सात वेळा उठलोय. सेक्रेटरी आज सकाळी जिन्यात भेटले. "कुत्रा दिलात वाटतं कुणाला?" म्हणाले. मी म्हटलं, नाही, घरीच आहे. ते थोडा वेळ कानोसा घेत उभे राहिले.

आणि एक वचन. पोलीस ठाण्यातून मी घरी येणार नाही. सोमनाथ कुठे राहतो ते दूधवाल्याकडून विचारून घेतलंय. त्याच्याकडे जाणार आहे. तो मला जिन्यातच उभं करेल, तो त्याचा हक्क आहे. मी त्याच्या आईसमोर त्याला म्हणेन, तू 'ते वळलेच नाहीत' म्हणालास ते खरं होतं. त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि त्यांना वळवणारा कुत्रा मी घरात कोंडून ठेवला होता. हे मी त्याच्या तोंडाकडे बघून म्हणेन. मग त्याने दार लावलं तरी चालेल.

तुमचा,
नीलेश